मालक गेला तरी क्लब उरतो कशामुळे?

मधली_फळी (धागाकर्ता)

पुण्याने २०१५ ते २०१९ या काळात फुटबॉलचे तीन व्यावसायिक संघ गमावले. आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये २०१२-१३ साली दुसरा आलेला पुणे एफसी हा पहिला, डीएसके शिवाजीयन्स हा दुसरा आणि एफसी पुणे सिटी हा तिसरा. एफसी पुणे सिटीचा नावलौकिक काही कमी नव्हता. २०१४च्या पहिल्याच हंगामात फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे त्याच्याकडून खेळला, २०१७-१८मध्ये मार्सेलिन्हो आणि अल्फारो यांच्या जोरावर संघाने उपांत्य फेरी गाठली, बालेवाडीच्या गॅलरीत नारिंगी जर्सी घातलेली पोरे घसा बसेपर्यंत ओरडत होती. २०१९मध्ये संघ बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुढे त्या हैदराबादचीही आर्थिक घडी विस्कटली, २०२५मध्ये तो संघ दिल्लीला गेला आणि त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे झाले. पुण्यात रिकामी झालेली खुर्ची अशी दोन शहरे फिरून तिसऱ्या शहरात पोहोचली.

त्या वेळी सर्वत्र एकच निदान ऐकू येत असे, ते म्हणजे महाराष्ट्र क्रिकेटवेडा असल्यामुळे येथे फुटबॉल रुजत नाही. मला हे निदान पटत नाही, कारण पुण्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर कोल्हापुरात स्थानिक संघांच्या सामन्यांना स्टेडियम भरते आणि त्या संघांना ना दूरचित्रवाणीचा पैसा आहे, ना बॉलिवूडचा मालक. क्लब टिकण्याचा संबंध लोकप्रियतेपेक्षा तो क्लब नेमका कोणाचा आहे याच्याशी अधिक असावा, असे मला वाटते. मालकाने पाठ फिरवल्यावर काही क्लब एका पत्रकाने संपतात आणि काही क्लब दिवाळखोरीतूनही उठून उभे राहतात. हा फरक कशामुळे पडतो, यावर ज्यांनी भारतातले वा परदेशातले क्लब जवळून पाहिले आहेत त्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

पेठेचा_गडी

कोल्हापूरचा उल्लेख झाला आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बाहेरच्या माणसाला आमच्या संघांची नावे ऐकून प्रथम गंमत वाटते, कारण पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, झुंजार क्लब ही नावे फुटबॉल संघांची वाटतच नाहीत. त्यांतल्या बहुतेक संस्था मुळात फुटबॉलसाठी निघालेल्याच नाहीत. तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, तीच संस्था गणपती बसवते, तीच शिवजयंती करते, कोणाच्या घरी अडचण असेल तर तिचीच पोरे धावतात आणि त्याच संस्थेचा फुटबॉल संघ असतो. त्यामुळे ‘तुम्ही कोणत्या संघाचे’ हा प्रश्न आमच्याकडे फारसा विचारला जात नाही. घर कोठे आहे हे कळले की उत्तर कळते.

हंगाम साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली केएसए, आधी वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा घेते. ती उरकली की शाहू स्टेडियमवर बाद पद्धतीच्या स्पर्धा एकामागून एक लागतात. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रांत सामन्याचे वर्णन अर्धे पान भरून येते आणि त्यात कोणत्या मिनिटाला कोणाच्या पासवर कोणी फटका मारला, कोणाचा फटका गोलखांबाला लागून परतला, टायब्रेकरमध्ये कोणाची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली, हे सगळे नावानिशी असते. ज्या पोराचे नाव छापून येते तो सकाळी त्याच गल्लीत दूध आणायला निघालेला असतो. आयएसएलमधल्या खेळाडूला प्रेक्षक टाळ्या देतात, पण आमच्या खेळाडूला रविवारी चुकलेल्या पेनल्टीचा जाब सोमवारी चहाच्या टपरीवर द्यावा लागतो.

गेली काही वर्षे बरेच संघ हंगामापुरते नायजेरियाचे खेळाडू आणतात. ते पेठेतच राहतात, पेठेतच जेवतात आणि महिन्याभरात त्यांना तांबड्या रश्श्याची सवय होते. याबद्दल जाणकारांत दोन मते आहेत. सामन्याचा दर्जा वाढला हे खरे आहे, पण आक्रमणाच्या फळीतल्या जागा त्यांनी घेतल्यामुळे गल्लीतला उगवता स्ट्रायकर बाकावर बसतो, हेही खरे आहे.

विश्वचषकाच्या वेळी हीच पेठ अर्जेंटिना आणि ब्राझील यांत विभागली जाते. २०२२मध्ये केरळातल्या कोळिकोड जिल्ह्यातील पुल्लावूर गावी नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे प्रचंड कटआउट उभे राहिल्याची छायाचित्रे जगभर पोहोचली, आणि आमच्या पोरांना ते सहन होणे शक्यच नव्हते. कोल्हापुरातही चौकाचौकांत तसेच कटआउट उभे राहिले.

कूपरेजचा_कठडा

पेठेचा_गडी यांचे वर्णन वाचून हेवा वाटला, कारण मुंबईत असे काही उरलेले नाही, आणि तरीही या देशातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक मुंबईची होती हे नव्या पिढीला सांगावे लागते. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला आणि पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटने मिळवला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो चषक ब्रिटिश पलटणींच्याच भोवती फिरत राहिला, अपवाद फारच थोडे. १९४० साली कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने तो जिंकला आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कोणाला हातही लावू दिला नाही. मुंबईच्या कूपरेज मैदानावर ते सामने पाहणारे गिरणगावातून, भायखळ्यातून, वांद्र्यातून येत. २०००-०१नंतर स्पर्धाच झाली नाही.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा आहे की मुंबईचे बलाढ्य संघ हे वस्त्यांचे नव्हते, ते कंपन्यांचे आणि कचेऱ्यांचे होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा ही नावे पाहा. खेळाडूला नोकरी मिळे, प्रॉव्हिडंट फंड मिळे, आणि त्या काळात हे काही थोडेथोडके नव्हते. परंतु कंपनीच्या धोरणात संघ बसेनासा झाला की तो बंद होई. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये संघ बंद केला. देशाचा विजेता संघ चार वर्षांत नाहीसा होतो आणि शहरात त्यावर मोर्चा निघत नाही, घोषणा होत नाही, एखादा फलकही लागत नाही. कंपनीवर मी राग धरत नाही. संघ तिचा होता, तिने तो बंद केला, आम्ही केवळ प्रेक्षक होतो.

मुंबईकर मैदानावर येतच नाहीत, हा आरोप मात्र अर्धाच खरा आहे. जून २०१८मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारत विरुद्ध चिनी तैपेई हा सामना जेमतेम अडीच हजार लोकांनी पाहिला. सुनील छेत्रीने त्या सामन्यात हॅट्ट्रिक केली, मग समाजमाध्यमावर चित्रफीत टाकून, आम्हाला शिव्या द्या पण मैदानावर येऊन द्या, अशा आशयाचे आवाहन केले आणि पुढचा केनियाविरुद्धचा सामना, जो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, भर पावसात खचाखच भरला. त्याही सामन्यात त्याने दोन गोल केले. मुंबईत माणसे आहेत, त्यांना कोणीतरी बोलावणारे हवे असते. मात्र बोलावल्यावर आलेली गर्दी आणि न बोलावता येणारी गर्दी यांत फरक आहे, हेही मी मान्य करतो.

सासष्टीकार

गोव्याचे उदाहरण या चर्चेत अडचणीचे ठरेल, कारण ते कोणत्याच बाजूला नीट बसत नाही. धेंपो, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स हे तिन्ही क्लब उद्योजक घराण्यांचे. म्हणजे मालकांचेच. तरीही २००६-०७ ते २०१२-१३ अशी सलग सात वर्षे देशाची लीग गोव्याच्याच क्लबांनी जिंकली. त्यांत चार विजेतेपदे धेंपोची, दोन चर्चिलची आणि एक साळगावकरचे. त्या सात वर्षांत कोलकात्याचे लोक काय म्हणत होते ते आठवून मला आजही बरे वाटते.

हे मालक टिकले, कारण त्यांच्या खाली गावे होती. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात प्रत्येक गावाला मैदान आहे, बहुतेक चर्चच्या शेजारीच, आणि गावागावांच्या स्पर्धांत चुरस एवढी असते की राष्ट्रीय लीगमध्ये खेळणारा खेळाडूही सुट्टीत घरी आला की गावाच्या संघात उभा राहतो. क्लबांना खेळाडू शोधत हिंडावे लागत नसे. तसेच क्लबाचा मालक हा गोव्यातलाच माणूस असे, लग्नकार्यात भेटणारा, त्यामुळे संघ हरला तर त्याला लोकांना तोंड द्यावे लागे.

२०१६मध्ये मात्र धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यात आयएसएल ही सर्वोच्च लीग होणार आणि जुने क्लब खालच्या पायरीवर जाणार, असे दिसत होते. ज्यांनी विजेतेपदे मिळवली त्यांनी खेळून नव्हे, पैसे भरून वर जायचे, हे त्यांना मान्य झाले नाही. पण येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की क्लब बंद पडले नाहीत. ते गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, त्यांच्या कनिष्ठ संघांत मुले घडत राहिली आणि धेंपो पुढे द्वितीय श्रेणीच्या लीगमध्ये दुसरा येऊन पुन्हा आय-लीगमध्ये आला. पुण्यात हे घडू शकले नाही, कारण पुण्यात परत जाण्यासाठी खाली गावाची लीग नव्हती.

एफसी गोवा या नव्या क्लबाविषयीही माझ्या मनात आकस नाही. फातोर्डा स्टेडियमच्या प्रेक्षकांनी त्याला आपले मानले आहे. २०२५च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाचा अल नस्र संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी आला तेव्हा सगळा देश रोनाल्डो येणार की नाही, हेच विचारत होता. तो आला नाही. अल नस्रने सामना २-१ असा जिंकला, परंतु आमच्याकडून गोल ब्रायसन फर्नांडिसने केला आणि त्या क्षणी स्टँडमध्ये रोनाल्डोची आठवण कोणाला असेल असे मला वाटत नाही.

बचावपटू

सर्वांचे लेखन आवडले, परंतु चर्चा एका बाजूला झुकत आहे म्हणून विरोधी बाजू मांडतो. पेठ, गाव, वस्ती यांचे गुणगान करताना त्याच निष्ठेची दुसरी बाजू लपवू नये. कोल्हापुरात हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले, दगडफेक झाली, समर्थकांवर गुन्हे दाखल झाले, असे अनेक हंगामांत घडले आहे. घरावरून संघ ठरतो हे ऐकायला गोड वाटते, पण मग मैदानावरचे भांडण सामना संपल्यावर मैदानात राहत नाही, ते गल्लीच्या तोंडापर्यंत येते. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात सोळा प्रेक्षक मृत्युमुखी पडले. १९८५मध्ये ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर इंग्लिश समर्थकांच्या हुल्लडीतून झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली आणि इंग्लिश क्लबांना युरोपातून पाच वर्षे हद्दपार व्हावे लागले.

दुसरा मुद्दा पैशाचा. पेठेच्या क्लबाला मालक नसतो हे खरे नाही, त्याला दरवर्षी नवा मालक असतो. स्पर्धांची नावे पाहिली तर निम्मे चषक पुढाऱ्यांच्या किंवा त्यांच्या पदांच्या नावाचे निघतात. निवडणुकीच्या वर्षी बक्षिसाची रक्कम का वाढते, हे विचारण्याची गरज नसावी. तिसरे म्हणजे एवढी परंपरा असूनही कोल्हापूरच्या पेठांतला एकही क्लब देशाच्या लीगमध्ये का उतरला नाही? अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि पुढे आयएसएलचा चषक उंचावला तो हैदराबादच्या जर्सीत. ज्या क्लबांना आपला सर्वोत्तम खेळाडू जवळ ठेवता येत नाही, त्यांना यशस्वी का म्हणावे?

टेम्सकाठचा_पाहुणा

बचावपटू यांच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर देतो. गर्दी आणि हिंसा एकाच वाक्यात आणण्याची सवय इंग्लंडला फार महागात पडली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक चेंगरले गेले आणि अखेरीस मृतांचा आकडा ९७ झाला. हायझेल ताजे होते, त्यामुळे दोष समर्थकांवर ढकलणे सोपे गेले. काही वृत्तपत्रांनी तर त्यांना दारुडे आणि खिसेकापू ठरवले. हे लोक बेकायदेशीरपणे मारले गेले आणि समर्थकांचा त्यात दोष नव्हता, पोलिसांच्या नियंत्रणातल्या चुका जबाबदार होत्या, हा ज्युरीचा निर्णय यायला २०१६ उजाडले. सत्तावीस वर्षे त्या कुटुंबांनी लढा दिला. लिव्हरपूल शहरात त्या वृत्तपत्रांपैकी एकाला आजही दुकानदार ठेवत नाहीत. इंडोनेशियात २०२२मध्ये कांजुरुहान येथे १३५ माणसे गेली, तेथेही पोलिसांनी बंद गॅलरीवर अश्रुधूर सोडला होता. म्हणून शाहू स्टेडियमवर दगड पडला तर दगड मारणाऱ्याला पकडावे, पण दरवाजे किती आहेत आणि ते आतून उघडतात का, हेही त्याच दिवशी तपासावे.

आता धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पुण्याची खुर्ची हैदराबादला गेली हे वाचून विम्बल्डनची आठवण होणे अपरिहार्य होते. टेनिसचे नव्हे, फुटबॉलचे विम्बल्डन. १९८८मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए चषक जिंकणाऱ्या या क्लबाला २००२मध्ये एका आयोगाने मिल्टन कीन्स या सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या शहरात हलवण्याची परवानगी दिली. समर्थकांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडण्यासाठी त्यांनी विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळरानावर खुली चाचणी ठेवली, जिला कोणीही यावे आणि खेळून दाखवावे. संघ स्थानिक पातळीवरच्या लीगमध्ये उतरला, तेथून नऊ हंगामांत पाच वेळा वर चढला आणि २०११मध्ये पेनल्टींवर ल्यूटनला हरवून व्यावसायिक लीगमध्ये आला. २०२०च्या नोव्हेंबरात तो प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नव्या मैदानात परतला आणि त्या मैदानासाठी लागलेल्या पैशाचा मोठा वाटा समर्थकांनी कर्जरोखे घेऊन उभा केला. मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबानेही पुढे विम्बल्डनच्या जुन्या विजयांवरचा आपला दावा सोडला.

पुण्याच्या नारिंगी जर्सीवाल्यांना हे का सुचले नाही, असे विचारणे मात्र अन्यायाचे होईल. विम्बल्डनच्या लोकांच्या पाठीशी शंभरहून अधिक वर्षांचा क्लब होता. पुण्याच्या पोरांच्या पाठीशी पाच हंगाम होते.

ऑफसाइडवाली

मी मूळची कोल्हापूरची, गेली अनेक वर्षे कोलकात्यात आहे. माहेरी स्टेडियमचा आवाज आमच्या गच्चीवर ऐकू येत असे आणि गोल कोणी केला हे आम्ही आवाजावरून ओळखत असू, पण गॅलरीत बसून सामना पाहिला तो सॉल्ट लेकला आल्यावरच. धाग्यात आतापर्यंत पेठेची पोरे, गल्लीची पोरे असेच वाचायला मिळाले. पेठ म्हणजे अर्धी पेठच का, हा प्रश्न नोंदवून ठेवते.

कोलकात्यात काही वेगळे आहे असा माझा दावा नाही, पण एक दिवस सांगण्याजोगा आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर शहर रस्त्यावर होते. १८ ऑगस्टचा ड्युरँड चषकाचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाला. सामना नाही म्हणून घरी बसण्याऐवजी दोन्ही क्लबांचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही आले. हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी झेंडे एकमेकांच्या खांद्यावर होते, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि घोषणा एकाच होत्या, न्यायाच्या. एरवी ज्या शहरात मोहन बागान जिंकले की कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकले की हिलसा महागते म्हणतात, तेथे हे घडले.

धागाकर्त्यांच्या प्रश्नासाठी मोहन बागानचेच दुसरे उदाहरण उपयोगी आहे. १८८९चा हा क्लब, १९११मध्ये ज्याच्या खेळाडूंनी जवळजवळ सर्वांनी अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले, तो २०२०मध्ये आयएसएलमधल्या एटीके या कोलकात्याच्याच सहा वर्षांच्या फ्रँचायझीत विलीन झाला आणि नाव झाले एटीके मोहन बागान. गुंतवणूकदाराकडे ऐंशी टक्के हिस्सा होता, कायद्याने त्याला कोणी काही करू शकत नव्हते. समर्थकांनी तीन वर्षे ‘एटीके हटवा’ ही एकच मागणी लावून धरली, सामन्यांवर बहिष्कार टाकला, फलक लावले, रस्त्यावर उतरले. २०२३च्या मार्चमध्ये फातोर्ड्यावर आयएसएलचा अंतिम सामना जिंकल्यावर मालकांनी स्वतःच नाव बदलल्याची घोषणा केली. समभाग एकही नसताना समर्थकांनी हे मिळवले.

आणि त्याच कोलकात्यात डिसेंबर २०२५मध्ये मेस्सी आला तेव्हा हजारो रुपयांची तिकिटे काढून आलेल्या लोकांना तो पुढाऱ्यांच्या घोळक्यातून धड दिसलाही नाही आणि मग खुर्च्या आणि बाटल्या मैदानात आल्या. त्या दिवशी स्टेडियममध्ये क्लब कोणाचाच नव्हता, सगळेच गिऱ्हाईक होते.

रूरकाठ

मी जर्मनीत डॉर्टमुंडजवळ राहतो आणि तेथल्या बोरुसिया क्लबाचा सभासद आहे. सभासद हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण येथे समर्थक असण्याची पहिली पायरी म्हणजे वर्गणी भरून संस्थेचे सभासद होणे. जर्मनीत १९९८पासून नियम असा आहे की व्यावसायिक संघ कंपनी म्हणून चालवता येतो, पण त्या कंपनीतील मतांपैकी निम्म्याहून एक अधिक मत मूळ सभासद-संस्थेकडेच राहिले पाहिजे. त्यालाच पन्नास अधिक एक म्हणतात. पळवाटा आहेत. लेव्हरकूझेन आणि वोल्फ्सबुर्ग यांना जुन्या कारखान्यांमुळे सवलत मिळाली, लाइपझिगने नियम पाळला पण मताचा हक्क असलेले सभासद वीसेकच ठेवले. तरीही नियमाचा धाक मोठा आहे.

त्याचा अर्थ काय होतो ते २०२३-२४च्या हिवाळ्यात दिसले. लीगने आपल्या प्रक्षेपण उत्पन्नातील आठ टक्के हिस्सा वीस वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचे ठरवले, बदल्यात सुमारे एक अब्ज युरो मिळणार होते. डिसेंबरमध्ये ३६ क्लबांपैकी २४ जणांनी बाजूने मत दिले, म्हणजे नेमके दोन तृतीयांश, आणि हॅनोव्हरच्या प्रतिनिधीने आपल्या संस्थेचा आदेश डावलून मत दिले असा संशय पसरला. गॅलऱ्यांनी आधी पहिली बारा मिनिटे मौन पाळले. मग टेनिसचे चेंडू आले. आमच्या पिवळ्या भिंतीवर, म्हणजे २४,४५४ माणसे उभी राहू शकतील अशा दक्षिण गॅलरीत, शेजारी उभ्या असलेल्या साठीच्या आजोबांनी कोटाच्या खिशातून चार चेंडू काढून माझ्या हातात दोन दिले, तेव्हा मला प्रथम वाटले की आपण काही चुकीचे करतो आहोत. खेळ थांबे, खेळाडू चेंडू गोळा करत, पंच घड्याळाकडे पाहत. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने व्यवहार रद्द केला. एकही काच फुटली नव्हती, हे बचावपटू यांच्यासाठी.

हे सगळे समजावून सांगताना मला कोल्हापूरच्या लोकांना फार कष्ट पडणार नाहीत असे वाटते. एक सभासद एक मत, भांडवल कितीही असो, ही कल्पना आपल्याकडे साखर कारखान्यात आणि दूध संघात तीन पिढ्या राबते आहे. बोरुसियाची वार्षिक सभा पाहिली तेव्हा मला गावाकडच्या कारखान्याच्या सभेची आठवण झाली. तेच अहवालवाचन, तेच मागच्या रांगेतून उठून प्रश्न विचारणारे म्हातारे. महाराष्ट्रात फुटबॉल क्लब सहकारी तत्त्वावर का उभे राहू नयेत?

बचावपटू

रूरकाठ यांना गावाकडची सभा आठवली, पण त्या सभेत विषयपत्रिकेवरचे सगळे विषय ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पाच मिनिटांत उरकतात, हेही आठवले असेल. पॅनेल, बोगस सभासद आणि निवडणुकीआधीच्या सहली यांचीही सोय करावी लागेल.

पेठेचा_गडी

बचावपटू, मंजूर! पण आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो. देशाच्या लीगमध्ये उतरायचे तर परवान्याचे निकष आहेत, त्यांत प्रशिक्षक, वयोगटाचे संघ, मैदान आणि लेखापरीक्षित हिशेब लागतात. त्याचा वर्षाचा खर्च एका पेठेच्या आवाक्याबाहेरचा आहे. आणि सगळ्या पेठांनी मिळून एक कोल्हापूर संघ काढावा, ही सूचना दर दोन-तीन वर्षांनी येते आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडते: जर्सीचा रंग कोणता. हसू नका, पाटाकडीलच्या माणसाला प्रॅक्टिसच्या रंगात टाळ्या वाजवायला सांगून पाहा. दुसरीकडे, आयएसएलची तरी काय हमी आहे? २०२५च्या जुलैमध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून तो हंगामच स्थगित झाला आणि कोट्यवधींच्या संघांनी सराव थांबवला. त्या वर्षी आमच्या पेठेतली पोरे बूट घासून तयार होती.

पुढाऱ्यांच्या चषकांबाबत आपण म्हणता ते खरे आहे. पैसा लागतो, तो जो देतो त्याचे नाव चषकावर लागते. फक्त नाव चषकावर लागते, संघावर नाही, एवढा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

ऑफसाइडवाली यांच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. तालमीत वर्गणी घरटी घेतली जाते, मत मात्र पोरांचेच असते.

ऑफसाइडवाली

वर्गणी घरटी असेल तर सभासदत्वही घरटी दोन करावे, एक तिचे. सहकाराच्या पोटनियमात ते बसते, रूरकाठ यांनी दुजोरा द्यावा.

रूरकाठ

आमच्याकडे बसते. माझ्या पत्नीचा सभासद क्रमांक माझ्या आधीचा आहे आणि सभेत ती माझ्या विरोधात मत देते.

मधली_फळी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सासष्टीकार यांनी दाखवलेला मुद्दा मी मुळीच विचारात घेतला नव्हता, तो म्हणजे मालक कोण आहे याइतकेच, वरून खाली पडल्यावर उभे राहायला खालची लीग आहे का, हेही पाहावे लागते. त्यावर पुढे लिहावे असे वाटते. पुणे जिल्हा लीगमध्ये आजही अनेक विभागांत संघ खेळतात, त्यांतले काही शाळा-महाविद्यालयांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे आहेत, काही खडकी-कॅम्प भागातल्या वस्त्यांचे. एफसी पुणे सिटीच्या काळात बालेवाडीच्या गॅलरीतील आम्हा कोणालाही त्यांची नावे माहीत नव्हती. खडकी-कॅम्पकडचे कोणी या धाग्यावर असतील तर त्यांनी आपल्या संघाविषयी, तो कधी निघाला, खर्च कसा भागतो, सामन्याला कोण येते, याविषयी लिहावे.